घराचा श्वास

(घरातील खराब हवा बाहेर कशी जाते, ताजी हवा आत कशी येते आणि हवेची ही वाट मोकळी ठेवण्यासाठी काय करावे लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, काल दिवसभरात तुम्ही काय काय खाल्ले, हे तुम्हांला सांगता येईल. किती पाणी प्यालात, हेही आठवून सांगता येईल. पण दिवसभरात तुम्ही किती हवा घेतली, हे सांगता येईल का?

चला, हिशेब करून पाहू. मोठा माणूस शांत बसलेला असताना एका मिनिटात साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे एका मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा झाली. दिवसाची मिनिटे १४४०. तेव्हा एका दिवसाची हवा होते साडेआठ हजार ते साडेअकरा हजार लिटर! पाणी आपण दोन-तीन लिटर पितो आणि तेही गाळून, उकळून पितो. हवा मात्र जशी असेल तशी घेतो.

मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते. आपण सोडलेल्या हवेत ते सुमारे ४ टक्के असते. म्हणजे जवळजवळ शंभर पट झाले. शिवाय त्या हवेत वाफ असते. घरात चार माणसे झोपली, दारे-खिडक्या बंद राहिल्या, तर सकाळी खोली कोंदट वाटते ती यामुळेच. त्यात चुलीचा धूर, फोडणीचा खाट आणि अंघोळीच्या पाण्याची वाफ यांची भर पडते. म्हणून माणसाप्रमाणे घरालाही श्वास घ्यावा लागतो. वापरलेली हवा बाहेर जावी आणि ताजी हवा आत यावी, याला वायुवीजन म्हणतात.

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागात भोर तालुका आहे. भोर शहराजवळ उत्रोली नावाचे गाव आहे. हा सह्याद्रीच्या कुशीतला मुलूख. पावसाळ्यात येथे पाऊस धो धो कोसळतो. हिवाळ्यात पहाटे अंगात हुडहुडी भरते. अशा मुलखात घर बांधणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पावसाची झड आणि थंड वारा आत येता कामा नये. पण धूर आणि कोंदट हवा मात्र बाहेर गेली पाहिजे. खिडकी लावावी तर धूर कोंडतो, उघडावी तर थंडी वाजते. मग करावे काय?

जुन्या कारागिरांनी यावर तोड काढली होती. मातीच्या जाड भिंती, वर कौलारू छप्पर आणि भिंतीत उंचावर एक झरोका. तुमच्या घरी ज्याला रोशनदान म्हणतात, तोच हा झरोका. रोशनदान या नावात उजेड आहे, पण हा झरोका हवेचेही काम करतो. गरम हवा हलकी असते. ती वर चढते आणि झरोक्यातून व कौलांच्या फटींतून बाहेर पडते. तिच्या जागी दाराखालून ताजी हवा आत येते. झरोका उंचावर असल्यामुळे थंड वारा झोपलेल्या माणसाच्या अंगावर येत नाही. इराणमधील यज्द शहरात घरांवर हवेसाठी उंच मनोरे बांधलेले आहेत. त्यांना बादगीर म्हणतात. बाद म्हणजे वारा आणि बादगीर म्हणजे वारा पकडणारा. देश वेगळा, हवामान वेगळे, पण गरज तीच.

आता घरे बदलली. कौलांच्या जागी स्लॅब आला. खिडक्यांना घट्ट बसणाऱ्या काचा आल्या. घर मजबूत झाले, पण फटी बुजल्या. पूर्वी जे काम फटी करत होत्या, ते आता मुद्दाम करावे लागते. म्हणून स्वयंपाकघरात हवा बाहेर टाकणारा पंखा आला. त्याला आपण एक्झॉस्ट फॅन म्हणतो. काही घरांत शेगडीच्या वर विजेची चिमणी आली.

थंडी न लागता ताजी हवा कशी मिळवावी, हा प्रश्न फार जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णसेवेचे शास्त्र घडवले. रोग्याला गारठा न लावता त्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी, हे त्यांनी १८५९ साली परिचारिकेचे पहिले कर्तव्य म्हणून सांगितले. कॅनडासारख्या देशात तर हा प्रश्न फारच बिकट. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो. खिडकी उघडली की घरातली सगळी ऊब निघून जाते. कॅनडातील रेजायना शहरात १९७७ साली एक घर बांधण्यात आले. त्या घरात एक वेगळे यंत्र बसवले होते. ते आतली शिळी हवा बाहेर टाकत असे, पण तिची ऊब मात्र घरातच ठेवून घेत असे. आज थंड देशांतील अनेक घरांत अशी यंत्रे आहेत.

हे कसे घडते? घरातला एक प्रयोग आठवा. गरम दुधाचा पेला थंड पाण्याच्या ताटलीत ठेवला, तर थोड्या वेळाने दूध निवते आणि पाणी कोमट होते. दूध आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, पण ऊब इकडून तिकडे जाते. त्या यंत्रातही असेच होते. पातळ पत्र्याच्या एका बाजूने गरम शिळी हवा बाहेर जाते. दुसऱ्या बाजूने थंड ताजी हवा आत येते. जाता जाता जुनी हवा आपली ऊब नव्या हवेला देऊन जाते. समजा, बाहेर शून्य अंश तापमान आहे आणि घरात २० अंश आहे. यंत्राने ऊबेतील ८० टक्के भाग परत मिळवला, तर आत येणारी हवा १६ अंशांची असते. ती अंगाला बोचत नाही.

उत्रोलीत एवढी थंडी पडत नाही. तेथे असे यंत्र लागत नाही. पण त्या यंत्राची निगा कशी राखतात, हे आपण शिकण्यासारखे आहे. त्यात हवा गाळणारी जाळी असते. ती दर दोन-तीन महिन्यांनी साफ करतात आणि जुनी झाली की बदलतात. बाहेरच्या तोंडाशी साठलेला पाला आणि बर्फ काढतात. ऊब देणारे पत्रे धुतात. आत जमलेले पाणी वाहून जाणारी नळी तुंबलेली नाही ना, हे पाहतात. हे केले नाही तर काय होते? जाळी धुळीने भरते. यंत्राचा आवाज चालूच राहतो, दिवा जळत राहतो, वीज खर्च होते. पण हवा फारशी हलत नाही. हळूहळू काचांवर पाणी साठते आणि भिंतींना बुरशी येते. यंत्र चालू आहे, म्हणजे काम होत आहे, असे घरच्यांना वाटत राहते. धोका नेमका येथेच असतो.

आपल्या देशात हा धडा आपण चुलीपासून शिकलो आहोत. चुलीचा धूर नुसता डोळ्यांना झोंबतो असे नाही. तो छातीत जातो. कर्क स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो, हे मोजले. १९८३ साली त्यांनी ही मोजमापे प्रसिद्ध केली. तोवर धुराचा त्रास म्हणजे शहरातील कारखान्यांचा त्रास, अशी समजूत होती. सर्वांत जास्त धूर आईच्या स्वयंपाकघरात असू शकतो, हे या मोजमापांवरून जगाला कळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मरण पावली. त्यांत लहान मुलेही पुष्कळ होती.

भारत सरकारने १९८३ सालीच सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढील वीस वर्षांत ३ कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यांतील कित्येक चुलींना धुराडे होते. धूर धुराड्यातून छपराबाहेर जावा, अशी ही सोय. मग धुराचा प्रश्न सुटला का? नाही. पुष्कळ चुली काही दिवसांनी पडून राहिल्या.

असे का झाले? ओडिशा राज्यात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. यांतील डुफ्लो यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. धुराड्याची चूल मिळालेल्या घरांकडे त्यांनी काही वर्षे लक्ष ठेवले. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या श्वासातला धूर कमी झाला. दुसऱ्या वर्षी हा फायदा नाहीसा झाला. चूल नियमित वापरली गेली नव्हती आणि तिची डागडुजीही झाली नव्हती. अशा चुलीचे धुराडे काजळीने भरले, चुलीला तडा गेला, की धूर पुन्हा घरातच फिरतो. धुराडे बांधले तो एक दिवस होता. ते साफ ठेवायचे दिवस मात्र रोजचे होते.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गावोगावच्या अनेक घरांत गॅस आला. तरीही पाणी तापवायला, भाकरी भाजायला चूल पेटतेच. म्हणून चूल असो, गॅस असो, की विजेचा पंखा असो, हवेची वाट साफ ठेवणे चुकत नाही. हे काम अवघड नाही. तुम्ही आठवी-नववीतली मुले-मुली आहात. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने तुम्ही ते करू शकता. कसे, ते पाहा.

धुराडे महिन्यातून एकदा साफ करावे. चूल पूर्ण थंड झाल्यावरच हात लावावा. लांब काठीला चिंधी किंवा काथ्या बांधून आतली काजळी खाली पाडावी. त्या वेळी नाका-तोंडाला रुमाल बांधावा. चुलीला किंवा धुराड्याला तडा गेला असेल, तर तो मातीने लिंपून घ्यावा. धुराड्याच्या टोकावर टोपी आहे का, तेही पाहावे. टोपी नसेल तर पाऊस आत येतो आणि पाखरे घरटे करतात.

झरोक्याकडे वर्षभर कोणाचेही लक्ष जात नाही. त्यात कोळिष्टके होतात. डासांसाठी लावलेली बारीक जाळी धुळीने आणि तेलकट काजळीने बुजते. ती काढून साबणाच्या पाण्याने धुवावी. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून झरोक्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधतात. पाऊस संपला तरी तो तसाच राहतो. मग हिवाळाभर घराचे नाकच बंद! तेव्हा पाऊस संपताच तो कागद आठवणीने काढावा. पुढच्या पावसाळ्यासाठी झरोक्यावर बाहेरून छोटे छज्जे केले, तर पाऊसही अडतो आणि हवाही चालू राहते.

हवा बाहेर टाकणारा पंखा साफ करण्याआधी मेन स्विच बंद करावा. पाती आणि बाहेरच्या झडपा ओल्या फडक्याने पुसाव्यात. मोटारीवर पाणी उडू देऊ नये. तेलाच्या चिकट थरामुळे झडपा उघडतच नाहीत, असे पुष्कळ घरांत दिसते. विजेच्या चिमणीची जाळी गरम पाण्यात आणि भांड्यांच्या साबणात भिजवून धुवावी व पूर्ण वाळल्यावर बसवावी.

पंखा नुसता फिरतो की खरेच हवा ओढतो, हे ओळखायची एक युक्ती आहे. पातळ कागदाची एक पट्टी पंख्यापासून हातभर लांब धरा. पट्टी पंख्याकडे ओढली गेली, तर काम ठीक चालले आहे. पट्टी लोंबतच राहिली, तर काहीतरी अडले आहे. आता दार किंचित उघडा आणि पुन्हा पाहा. पट्टी हलली का? मग दोष पंख्यात नव्हता. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी आत यायला वाट हवी. सारी दारे-खिडक्या घट्ट लावून पंखा चालवणे म्हणजे तोंड बंद असलेल्या बाटलीतून हवा ओढणे होय.

मित्रांनो, एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. थंडीच्या रात्री काही जण कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दारे लावून झोपतात. काही घरांत गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात असतो. जळण्यासाठी पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसला तर माणूस सावध तरी होतो, हा वायू सावध होऊ देत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, झोप येते आणि माणूस बेशुद्ध पडतो. अशाने घरातल्या घरात माणसे दगावतात. म्हणून पेटलेली शेगडी खोलीत ठेवून कधीही झोपू नका. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. शंका आली तर लगेच दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा आणि डॉक्टरांकडे न्या.

स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला, तर पंखा लावून तो घालवू असे म्हणू नका. बटण दाबताना ठिणगी पडू शकते. कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर पडा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो. म्हणून नुसता उंच झरोका पुरत नाही, खालूनही हवेला वाट असावी लागते.

आज घरी गेल्यावर एकदा वर पाहा. झरोका उघडा आहे का? जाळीतून उजेड दिसतो का? पंख्याच्या झडपा हलतात का? स्वयंपाक करताना आईचे डोळे चुरचुरतात का, तिला खोकला येतो का, हेही विचारा. ती कदाचित म्हणेल, "सवय झाली आहे." मग हातात फडके घ्या आणि येत्या सुट्टीच्या दिवशी कामाला लागा.

शब्दार्थ

वायुवीजन – घरात ताजी हवा येणे व खराब हवा बाहेर जाणे
झरोका – भिंतीतील उंचावरची लहान खिडकी, रोशनदान
कोंदट – जेथे हवा खेळत नाही असा
झड – वाऱ्याबरोबर तिरका आत येणारा पाऊस
खाट – मिरची-फोडणीचा घशाला झोंबणारा वास
धुराडे – धूर बाहेर जाण्याची उभी नळी
काजळी – धुराचा काळा थर
कोळिष्टक – कोळ्याचे जाळे
तोड काढणे – उपाय शोधणे
निवणे – थंड होणे
डागडुजी – किरकोळ दुरुस्ती
लिंपणे – मातीचा थर देणे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) वायुवीजन म्हणजे काय?
(२) बादगीर कोणत्या देशात आहेत?
(३) उज्ज्वला योजना केव्हा सुरू झाली?
(४) पंखा हवा ओढतो की नाही, हे कसे ओळखावे?

प्र. २. कारणे लिहा.
(१) झरोका भिंतीत उंचावर असतो.
(२) ओडिशातील घरांत दुसऱ्या वर्षी धूर पुन्हा वाढला.
(३) गॅसचा वास आल्यावर पंख्याचे बटण दाबू नये.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) गरम दुधाच्या पेल्याच्या उदाहरणाने लेखकाने काय समजावून सांगितले आहे?
(२) कार्बन मोनॉक्साइड हा वायू धुरापेक्षा जास्त धोकादायक का आहे?

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
ताजी × ......    जड × ......    ऊब × ......    उंच × ......

प्र. ५. पुढील वाक्ये नकारार्थी करा.
(१) पेटलेली शेगडी खोलीत ठेवा.
(२) मोटारीवर पाणी उडू द्या.

उपक्रम : तुमच्या घरातील झरोके, खिडक्या, धुराडे व पंखे यांची यादी करा. प्रत्येकापुढे तो शेवटचा केव्हा साफ केला, ते घरच्यांना विचारून लिहा. ही यादी वर्गात वाचून दाखवा.